उपरेपण : यहुदी आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील स्थलांतर

हिब्रू शास्त्रात परक्या मुलखात येऊन राहिलेल्या माणसाला ‘गेर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘उपरा’ हाच सर्वांत जवळचा शब्द. ‘पाहुणा’ म्हटले तर मान जास्त होतो, ‘परदेशी’ म्हटले तर अंतर जास्त पडते. गेर गावातच राहतो, मजुरी करतो, सणावाराला हजर असतो. पण शिवारात त्याच्या नावावर तुकडा नसतो आणि अडचणीला धावून येणारे भाऊबंद नसतात. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरांनी स्थलांतराला जो आध्यात्मिक अर्थ दिला, तो बहुतांशी या एका शब्दाभोवती वाढला आहे. प्रवासाचे गोडवे या शास्त्रांत फारसे सापडत नाहीत. घर सुटल्यावर माणसाचे काय होते, आणि पुन्हा घर मिळाल्यावर तो काय विसरतो, याकडे त्यांचे लक्ष आहे.

बायबलच्या पहिल्या अकरा अध्यायांत घर सुटणे ही शिक्षाच आहे. आदाम आणि हव्वा एदेन बागेतून हाकलले जातात, भावाचा खून करणारा काइन नोद देशी जातो (नोद या शब्दातच भटकंती आहे), बाबेलचा बुरूज बांधणारे दाही दिशांना पांगवले जातात. बाराव्या अध्यायात सूर बदलतो. ऊर नगरातून बापाबरोबर निघून हारानपर्यंत आलेल्या अब्राहामाला पंचाहत्तरीत देवाची आज्ञा होते, ‘लेख लेखा’ (लेख म्हणजे नीघ). व्याकरणाच्या दृष्टीने यातला ‘लेखा’ (स्वतःसाठी, आपल्यापुरता) जादाचा आहे आणि त्यावर टीकाकारांनी पाने भरली आहेत. अकराव्या शतकातला राशी त्याचा अर्थ ‘तुझ्या भल्यासाठी’ असा लावतो. मराठीला ही अडचण पडू नये. ‘तू आपला नीघ’ म्हटले की काम झाले. आज्ञेतला क्रमही पाहण्यासारखा आहे : आधी देश, मग गोत, मग बापाचे घर. सोडायला सर्वांत अवघड ते शेवटी. कुठे जायचे ते मात्र सांगितलेलेच नाही. ‘मी दाखवीन त्या देशात’ एवढेच.

वचन मिळाले ते सबंध कनान देशाचे. प्रत्यक्षात अब्राहामाने विकत घेतलेली जमीन म्हणजे बायकोच्या दफनासाठी लागलेली हेब्रोनची मकपेला गुहा आणि तिच्यालगतचे शेत. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायातला हा सौदा आपल्याकडच्या कुठल्याही चावडीवर शोभेल. अब्राहाम हेथी लोकांपुढे वाकून सुरुवात करतो, ‘मी तुमच्यात उपरा, वस्तीला आलेला माणूस.’ वेशीत जमलेल्या चारचौघांदेखत एफ्रोन म्हणतो, घ्या की, तशीच घ्या. अब्राहाम किमतीवर अडून राहतो. मग एफ्रोन हळूच आकडा टाकतो : चारशे शेकेल चांदीची जमीन, तुमच्या-माझ्यात ते काय! अब्राहाम घासाघीस न करता चांदी तोलून देतो. फुकट घेणे उपऱ्याला परवडत नाही, हे त्याने ओळखलेले दिसते.

त्याच्याच घरात आणखी एक उपरी आहे. हागार ही त्याच्या बायकोची, सारेची, मिसरी (इजिप्तमधली) दासी. तिच्या नावात ‘हा-गेर’, म्हणजे ‘तो उपरा’, असा ध्वनी ऐकू येतो. नावाची खरी व्युत्पत्ती ती नसेलही, पण हिब्रू कानातून तो सुटत नाही. सारा तिला गांजते, आणि तिथे वापरलेले क्रियापद तेच आहे जे पुढे मिसरी लोक इस्राएलांना गांजतात तेव्हा येते. मिसरातल्या हालांची कहाणी सुरू होण्याआधीच एका मिसरी बाईचे हाल अब्राहामाच्या तंबूत होऊन गेलेले असतात. पळालेली हागार रानातल्या झऱ्याशी देवाला ‘एल-रोई’, म्हणजे मला पाहणारा देव, असे नाव देते. बायबलमध्ये देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ही पळून आलेली दासी आहे. पुढे तिला कायमचे घराबाहेर काढतात तेव्हा जवळ भाकर आणि पाण्याची एक पखाल असते. पाणी संपल्यावर ती पोराला झुडपाखाली टाकते आणि बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर जाऊन बसते, त्याचे मरण डोळ्यांनी बघायला नको म्हणून. देव त्या पोराचा आवाज ऐकतो. इश्माएल या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’.

मिसरात गुलाम झालेल्या इस्राएलांची, म्हणजे अब्राहामाच्या वंशजांची, तिथून सुटका हा या सगळ्या विचाराचा कणा. इतिहास म्हणून ही कथा तपासायला गेले तर हाती थोडे लागते. इस्राएल हे नाव लेखात प्रथम दिसते ते मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या सुमारे इ.स.पू. १२०८ च्या शिलालेखात, आणि तिथे ते कनानमधल्या लोकांचे आहे. सहा लाख पुरुष वाळवंटातून चालत गेल्याचा पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही. इस्राएलांतले बरेच लोक मुळात कनानमधलेच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर ‘आम्ही बाहेरून आलो’ ही ओळख या समाजाने अधिकच जाणूनबुजून जपली म्हणायची. राजवंश आपले मूळ सूर्य-चंद्रात शोधतात. या लोकांनी ते चिखलाच्या विटा थापणाऱ्या वेठबिगारांत शोधले.

या आठवणीचा कायदा झाला. ‘गेराला छळू नका, गेराचा जीव तुम्हाला ठाऊक आहे, कारण मिसर देशात तुम्हीही गेर होता’ (निर्गम २३:९). ‘जीव’ हा शब्द मुळातलाच, नेफेश. तोराहने, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांनी, हा इशारा छत्तीस वेळा दिला की सेहेचाळीस, असा हिशेब तालमूदात, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या संग्रहात, मांडलेला आहे. नुसत्या दयेवर मात्र हे सोडलेले नाही. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या सातव्या दिवसाची, विश्रांती गेरालाही आहे. गरीब मजुराची मजुरी, मग तो गेर का असेना, सूर्य मावळायच्या आत द्यायची. कापणीत शेताचे कोपरे उभे ठेवायचे, गळलेली कणसे मालकाने वेचायची नाहीत. अर्थात ही सवलत सरसकट सगळ्या परक्यांना नव्हती. व्यवहारापुरता येणारा ‘नोख्री’ वेगळा, त्याच्याकडून व्याज घ्यायला मुभा होती. लेवीय २५:२३ तर जमीनदारालाच गेर ठरवते : जमीन कायमची विकू नये, कारण ती देवाची आहे आणि तुम्ही त्याच्याकडे उपरे व वस्तीकर आहात. म्हणजे सातबाऱ्यावर मालक म्हणून देव, आणि बाकी सगळी कुळे.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातला विधी या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटतो. पीक हाती आले की शेतकऱ्याने पहिली फळे टोपलीत घालून याजकाकडे न्यायची. याजक टोपली वेदीपुढे ठेवतो. ज्याची शेती बसली आहे, ज्याचे बरे चालले आहे, असा हा माणूस. त्याने तिथे मोठ्याने काय म्हणायचे? ‘माझा बाप भटका अरामी होता, थोडक्या माणसांनिशी तो मिसरात उतरला आणि तिथे उपरा म्हणून राहिला.’ पुढे जाच, आरोळी, सुटका, आणि मग ही टोपली. शेवटी मिळालेल्या सगळ्या चांगल्याचा आनंद लेवी (वाट्याला जमीन नसलेले देवसेवक) आणि गेर यांच्यासह करायचा. भरलेल्या टोपलीशी उभे राहून रिकाम्या हातांची वंशावळ म्हणायला लावणारा हा नियम ज्याने केला, त्याला सुस्थितीत आलेल्या माणसाच्या विसराळूपणाची चांगली ओळख असणार.

शास्त्र मात्र एकसुरी नाही, आणि ते तसे दाखवणे बरोबर होणार नाही. वाळवंटातून आलेल्यांनी कनानी नगरे उद्ध्वस्त केल्याचे यहोशवाच्या पुस्तकात अभिमानाने लिहिले आहे. वचनदत्त देशात आधीपासून कोणी राहत होते, हा प्रश्न तिथे तलवारीने मिटतो. पुढे बाबेलच्या (बॅबिलोनच्या) हद्दपारीतून परतलेल्यांचा पुढारी एज्रा याच्या पुस्तकात परजातीय बायका आणि त्यांची मुले यांना घालवून देण्याचा ठराव होतो. याच ग्रंथसंग्रहात रूथही आहे. बेथलेहेम, म्हणजे ‘भाकरीचे घर’. तिथेच दुष्काळ पडतो आणि एक कुटुंब शेजारच्या मवाब देशात जाते. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी परत निघते, तेव्हा मवाबी सून रूथ तिचा पदर सोडत नाही : तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. मवाब्याने दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत येऊ नये, असा नियम असतानाची ही गोष्ट. रूथ कणसे वेचण्याच्या त्याच जुन्या हक्कावर पोट भरते, बवाजाशी लग्न करते आणि दावीद राजाची पणजी होते.

इ.स.पू. ५९७ आणि ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेममधून लोक पकडून नेले. दुसऱ्या वेळी मंदिरही जाळले. आता प्रश्न वेगळा होता : देवाचे घर जिथे होते ते ठिकाणच राहिले नाही, तर देव कुठे? स्तोत्र १३७ मध्ये बाबेलच्या नद्यांकाठी बसलेले गायक वीणा झाडांवर टांगतात, परक्या भूमीत गाणे कसे गावे म्हणून. संदेष्टा यिर्मया त्यांना पत्र पाठवतो ते अगदी व्यवहारी आहे : घरे बांधा, मळे लावा, लग्ने लावा, ज्या नगरात तुम्हाला नेले त्याचे भले चिंता. लोकांनी तसे केलेले दिसते. ‘आल-याहुदू’, म्हणजे यहुदाचे गाव, अशा नावाच्या बाबेलोनी वस्तीतल्या मातीच्या पाट्या उपलब्ध आहेत. त्यांत यहुदी नावांची माणसे कर्ज, पीक आणि साऱ्याच्या व्यवहारांत दिसतात. संदेष्टा यहेज्केल यालाही दर्शन घडते ते बाबेलातल्या कबार कालव्याकाठी, आणि त्या दर्शनात देवाच्या सिंहासनाखाली चाके आहेत. पुढे तालमूदात हाच विचार स्पष्ट झाला : इस्राएल जिथे जिथे हद्दपार झाले, तिथे तिथे शेखिना, म्हणजे देवाचे सान्निध्य, त्यांच्यासोबत गेले. इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर पाडल्यावर यहुदी धर्म तगला, त्यात या विचाराचा वाटा मोठा आहे. गेर या शब्दाचा अर्थही या काळात सरकला. रब्बींच्या भाषेत तो यहुदी धर्म स्वीकारणाऱ्यासाठी रूढ झाला.

ख्रिस्ती शास्त्र हाच धागा उचलते आणि दुसरीकडे नेते. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद राजाच्या भीतीने योसेफ रातोरात मरिया आणि बाळाला घेऊन मिसरात पळतो. सुटकेची वाट इथे उलटी चालली जाते. कोल्ह्यांना बिळे आहेत, पण मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला जागा नाही, असे येशू म्हणतो. योहानाच्या पहिल्या अध्यायात ‘शब्द आमच्यात राहिला’ असे आपण वाचतो, तिथे ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘तंबू ठोकला’ असा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना ‘पारोइकोस’, म्हणजे घराजवळ राहणारे पण घरचे नसलेले, असे म्हटले आहे. त्याच शब्दकुळातून युरोपीय भाषांत पॅरिश आले. मराठी कॅथलिक त्याला धर्मग्राम म्हणतात; उपऱ्यांच्या वस्तीचे असे गाव वसले. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात अब्राहाम शोधत होता ते नगर स्वर्गीय ठरते : ‘इथे आपल्याला टिकणारे नगर नाही.’ इ.स. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यानंतर ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने देवनगरीवर ग्रंथ रचला तो याच सूत्रावर. ती नगरी पृथ्वीवर प्रवासी म्हणून वावरते.

फरक इथे आहे. यहुदी परंपरेत भूमी भूमीच राहते, तिची माती, पाऊस, पेरणी यांसकट. ख्रिस्ती विचारात सगळी पृथ्वीच परका मुलूख होते. यात एक धोका आहे : सगळेच उपरे ठरले की खऱ्या उपऱ्याकडे काणाडोळा करणे सोपे जाते. मत्तयाचा पंचविसावा अध्याय ती पळवाट बुजवतो. ‘मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतले’ किंवा घेतले नाही, यावर तिथे अंतिम न्याय होतो. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठनियमाने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यायला सांगितले. आयरिश साधूंनी तर देश सोडणे हेच तप मानले; कोलंबा ५६३ मध्ये स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेला तो त्याच परंपरेतला.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, रात्री यहुदी घरांत वाचतात त्या हग्गादा या पोथीचा गाभा म्हणजे टोपलीवाल्या शेतकऱ्याचे तेच निवेदन, ओळीओळीने उलगडलेले. प्रत्येक पिढीत माणसाने जणू आपण स्वतःच मिसरातून निघालो असे समजावे, ही मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहाची आज्ञा. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादात हिब्रूबरोबर मराठी आहे, आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चित्रांत लुगडी नेसून बसल्या आहेत. तो कोकणातल्या बेने इस्राएलांसाठी होता. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असे सांगणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला गेलेला हा समाज. ‘पुढच्या वर्षी यरुशलेमात’ असे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटले आणि १९४८ नंतर त्यांतले बहुतेक खरोखर गेले. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लग्ननोंदणीच्या वेळी त्यांच्या कुळाची चौकशी होऊ लागली. आंदोलन झाले, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे इस्राएलच्या संसदेने जाहीर केले. नेगेव वाळवंटातल्या दिमोनासारख्या गावांत ते आजही एलियाहू हनाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने भिजवलेल्या पोह्यांत खोबरे घालून मलिदा करतात. त्यांनी तिथे चालवलेल्या मराठी नियतकालिकाचे नाव ‘मायबोली’.