फिरत्या पिंजऱ्यातही कोंबडीला एक फूट पुरतं?

‘एका ब्रॉयलरला (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीला) एक चौरस फूट’ हा हिशोब बंद शेडचा आहे. काही जण तो फिरत्या पिंजऱ्यालाही, म्हणजे गवतावर रोज ओढून पुढे सरकवायच्या बिनतळाच्या पिंजऱ्यालाही लावतात, कारण ‘रोज नवी जागा मिळतेच ना!’ हे चूक आहे. शेडमध्ये धानाच्या तुसाचा थर विष्ठेतला ओलावा शोषतो. गवतावर तसं काही नसतं. जागा रोज नवी मिळाली, तरी दाटीत संध्याकाळपर्यंत गवत विष्ठेनं माखतं, जड पक्षी त्यावरच बसतात, छातीची पिसं ओली होतात. पिंजरा ओढताना मागच्या पट्टीखाली पायही सापडतात.

१० × १२ फुटांच्या, २ फूट उंच पिंजऱ्यात हिवाळ्यात ७५ पक्षी ठेवा, म्हणजे प्रत्येकी १.६ चौरस फूट. एप्रिल-मेमध्ये ५० पुरे. त्या उन्हात टिनाचं छत तापतं, त्यावर तुऱ्हाटी किंवा ओली पोती हवीतच. त्या दिवसांत पाण्यात कधीच खंड नको, दाण्यापेक्षाही आधी पाणी बघा.

पिल्लं तीन आठवडे ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेत) वाढवून मग बाहेर काढा. पिंजरा रोज पूर्ण लांबीनं सरकवा, शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा. रोज एकदा धरलं, तरी चार आठवड्यांत ३,३६० चौरस फूट लागतात, म्हणजे तीन गुंठ्यांहून थोडी जास्त जमीन. शेवटच्या आठवड्याची जादा जागा वेगळी. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुततात, तेव्हा मुरमाड चढाची जागा निवडा.

आणि गवतामुळे खाद्य वाचतं, या भरवशावर दाणा मात्र कमी करू नका. ब्रॉयलरचं वजन दाण्यावरच येतं.