झेंडूच्या तोरणावर पाणी मारू नका
दसरा-दिवाळीच्या फुलांविषयी आमच्या ग्राहकांसाठी

दसऱ्याला सकाळी दुकानाचा फोन वाजायला लागतो आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. "काल संध्याकाळी तोरण नेलं, आज फुलं काळी पडलीत. शिळी दिलीत का?" आम्ही उलट विचारतो, रात्री पाणी शिंपडलं होतं का? पलीकडून उत्तर येतं, "थोडंसंच."

त्या थोड्याशानेच घात होतो. शिवाय त्या सकाळी नवं तोरण ओवायला आमच्याकडे ना हात मोकळे असतात, ना चांगली फुलं उरलेली. म्हणून यंदा प्रत्येक तोरणासोबत हा कागद देत आहोत. घरी गेल्यावर पिशवी उघडायच्या आधी वाचलात तर फार बरं.

पाणी मारायची सवय कुठून आली ते आम्हाला कळतं. मोगऱ्याचा गजरा आपण ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळतो, तो टवटवीत राहतो. तोच नियम लोक झेंडूला लावतात. पण झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर दाटीने बसलेल्या असंख्य बारीक फुलांचा गोंडा. वरून मारलेलं पाणी पाकळ्यांच्या फटींतून खाली हिरव्या वाटीपर्यंत उतरतं आणि तिथेच अडकतं. तोडलेल्या फुलाचाही श्वास चालूच असतो, त्याने ऊब तयार होते. ढिगात किंवा गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ती ऊब कोंडते. बाजारात याला 'माल तापला' म्हणतात. ओल आणि ऊब एकत्र आली की फूल बुडापासून कुजतं. रात्री वरून काहीच दिसत नाही. सकाळी बोट लावलं की अख्खा गोंडा पाकळ्या सोडून देतो.

फ्रीजचंही तसंच. गजरा ठेवा खुशाल. तोरण मात्र थंडगार फ्रीजमधून दमट हवेत आलं की त्यावर दव धरतं, म्हणजे पुन्हा पाणीच.

मग ठेवायचं कसं? पिशवीतून लगेच बाहेर काढा. मोठी परात, सूप, वेताची टोपली, काहीही चालेल. खाली वर्तमानपत्र अंथरा आणि तोरण वेटोळं न करता सैल पसरून ठेवा. खोली हवेशीर हवी, ऊन नको, गॅसची शेगडी जवळ नको. वर काही झाकू नका. एवढंच. देठाकडून थोडं सुकलेलं फूल तोरणात कोणाच्या लक्षात येत नाही, कुजलेलं मात्र दारातूनच वास देतं.

ऐनवेळी रस्त्यावरून सुटी फुलं घेणारेही बरेच आहेत. आमची हरकत नाही, सणाला सगळ्यांचाच धंदा व्हावा. फक्त फूल हातात घेऊन उलटं झटका. थेंब उडाले तर तो भिजका माल समजा. झेंडू किलोवर विकला जातो, तेव्हा भिजक्या मालात पाण्याचेही पैसे तुम्हीच देता. घेतलाच असेल तर घरी प्रत्येक फूल उलटं झटकून, तोंड खाली करून कागदावर एका थरात मांडा आणि लांबून पंखा सोडा. कागद भिजला की बदला. पूर्ण सुकल्याशिवाय ओवायला घेऊ नका.

माल भिजका येणार की सुका, हे बरंचसं पंचांगावर ठरतं. २०२३ साली अधिक श्रावण होता, दसरा २४ ऑक्टोबरला आला. पुढच्या वर्षी १२ ऑक्टोबर, २०२५ मध्ये थेट २ ऑक्टोबर. पुण्यातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो, म्हणजे लवकरच्या दसऱ्याला शेतातच फूल भिजतं आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सुक्या मालाचा भाव चढतो. यंदा अधिक ज्येष्ठामुळे दसरा २० ऑक्टोबरला आहे. त्यामुळे सुका माल मिळायला हरकत नसावी, तरी परतीच्या पावसाची हमी आम्ही देत नाही आणि कोणी दिली तर विश्वास ठेवू नका.

"तोरण दोन दिवस आधी का देत नाही?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. देता येईल, पण मग तुमच्या दारावर तिसऱ्या दिवसाचं फूल लागेल. आम्ही माल नवमीच्या पहाटे उचलतो, दुकानात पसरून निवडतो, भिजकी आणि दबलेली फुलं बाजूला काढतो आणि मग ओवायला बसतो. म्हणून तोरण नवमीला संध्याकाळनंतरच मिळतं. खंडेनवमीला यंत्रांची, हत्यारांची पूजा करणारे कारखानदार आणि गॅरेजवाले यांना हार त्या दिवशी सकाळीच लागतात. त्यांच्यासाठी आदल्या दिवशीचा माल वेगळा घेतो, कारण त्यांना त्याच दिवसापुरता हार हवा असतो. दरात निवडून टाकलेल्या फुलांचे पैसे धरलेले असतात. कोपऱ्यावरच्या ढिगापेक्षा आमचं तोरण महाग का, याचं उत्तर बहुतेक यातच आहे.

आंब्याची पानं आम्ही जून, गडद हिरवीच वापरतो. काहींना तांबूस कोवळी पालवी आवडते. दिसते छानच, पण दुपारपर्यंत मान टाकते. जून पान वाळलं तरी कुजत नाही. हवी असतील तर भाताच्या लोंब्याही लावून देतो, त्यांची वेगळी नोंद करा. यंदा दसरा उशिरा असल्याने लोंब्या भरलेल्या मिळतील. साळी थोड्या गळतील आणि चिमण्या येतील, उंबऱ्यात सांडलेलं दिसलं तर आमच्या नावाने बोटं मोडू नका.

दोरा सुतीच असतो. नायलॉनचा जास्त मजबूत, हे मान्य. पण उतरवलेलं तोरण सुती दोऱ्यासकट कुंडीत किंवा खतात टाकता येतं, नायलॉन वेचत बसावं लागतं. सुती दोरा ओला झाला की कुजतो, हे पाणी न मारण्याचं आणखी एक कारण. वाळलेल्या फुलांचं बी कुंडीत चुरगळून टाकलं तर रोपं येतात, पण बाजारचा झेंडू बहुतेक संकरित असल्याने फूल तसंच येईल असं नाही.

मापाबद्दल थोडक्यात. "नेहमीचंच दार आहे" हे माप नव्हे. चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि इंचात सांगा. झोळ आणि दोन्ही बाजूंच्या लडी आम्ही धरतो. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर ते उघडताना तोरणाला घासतं का ते बघा आणि तसं आम्हाला सांगा. एकदा दिलेलं माप वहीत राहतं, दरवर्षी विचारत नाही. घर बदललं असेल तर मात्र तुम्हीच कळवा. मागच्या घराच्या मापाचं तोरण नव्या दाराला लावायला आलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

चौकटीला खिळा ठोकण्याऐवजी दोन छोटे हुक कायमचे बसवून घ्या. चिकटपट्टी लावली तर ती सोलताना रंग घेऊन येते. दसऱ्याआधीच घर रंगवलं असेल तर हे नक्कीच वाचा. झेंडूची ओली पाकळी पांढऱ्या भिंतीवर किंवा संगमरवरी फरशीवर चिरडली गेली की पिवळा डाग धरते. फुलांची रांगोळी फरशी पूर्ण कोरडी करूनच काढा. गाडीचा हारही रात्रभर बॉनेटवर ठेवू नका, पूजेच्या वेळी घाला.

आपट्याची पानं आम्ही विकत नाही, मागू नये. एक तर सोनं म्हणून जी विकली जातात त्यांतली बरीचशी कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं. दुसरं, त्यासाठी अख्ख्या फांद्या तोडून आणलेल्या आम्हाला बघवत नाहीत. ज्यांना सोनं द्यायचंच आहे ते एक पान देतात, त्यानेही भागतं.

दिवाळीला लक्ष्मीपूजन यंदा ८ नोव्हेंबरला आहे. तोवर हवा कोरडी झालेली असते, त्यामुळे फुलं कुजण्यापेक्षा सुकण्याचा त्रास जास्त. तरीही पाणी नकोच. दार पश्चिमेला असेल आणि दुपारचं ऊन थेट येत असेल तर झेंडूबरोबर शेवंती घालू नका, तिच्या पाकळ्या आधी मलूल होतात. नुसता झेंडू आणि आंब्याची पानं अशा दारावर जास्त टिकतात. दोन्ही सणांची ऑर्डर एकदम देणाऱ्यांचं दिवाळीचं तोरण आम्ही घरपोच देतो, वेगळे पैसे न घेता.

दसऱ्याची नोंदणी घटस्थापनेपर्यंत. त्यानंतर आलेल्यांना नाही म्हणणार नाही, पण रंगाची निवड आमची राहील. भगवा संपला तर पिवळा मिळेल.