टपाली मतदानाचे इंग्लंडमधील प्रयोग आणि त्यांचे मूल्यमापन: पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये टपाली मतदान जुनेच आहे. १९१८ च्या कायद्याने ते सैनिकांना मिळाले आणि १९४८ मध्ये आजारी मतदारांना व कामानिमित्त दूर असणाऱ्यांना. मात्र सबळ कारण दाखवल्याखेरीज टपाली मतपत्रिका मिळत नसे. नव्वदच्या दशकाअखेरीस काळजी वेगळी होती. स्थानिक निवडणुकांत तिघांपैकी जेमतेम एक मतदार मत देत होता, आणि १९९९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मतदान २४ टक्क्यांवर आले. त्यामुळे २००० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मागेल त्याला टपाली मतपत्रिका देण्याची वाट मोकळी केली आणि स्थानिक परिषदांना नव्या पद्धती आजमावण्याची मुभा दिली.

मे २००० मध्ये ३२ परिषदांनी प्रयोग केले. फिरती मतदान केंद्रे, मतदानाच्या दिवसाआधीच मतदान, यंत्राने मतमोजणी असे बरेच काही करून पाहिले गेले. पण टक्केवारी ठळकपणे वाढली ती मतदान केंद्रे बंद ठेवून प्रत्येकाच्या घरी मतपत्रिका पाठवली तेथेच. पुढे या प्रयोगांचे मूल्यमापन नव्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र निवडणूक आयोगाकडे आले आणि अहवालासाठी तीन महिन्यांची मुदत ठरली. २००३ मध्ये संपूर्ण टपाली प्रयोगांत मतदान सुमारे ५० टक्क्यांपर्यंत गेले, इतरत्र ते ३५ टक्क्यांच्या आसपास होते, आणि स्थानिक निवडणुकांत हीच पद्धत रूढ करावी, अशी शिफारस आयोगाने केली.

मूल्यमापनाची खरी अडचण येथेच होती. टक्केवारी निकालाच्या रात्रीच हाती येते. गैरप्रकार मात्र कोणी तक्रार केली तरच नोंदला जातो, आणि मतपत्रिका घरात भरली जात असताना तेथे ना अधिकारी असतो ना पक्षाचा प्रतिनिधी. तक्रारी थोड्या आल्या म्हणून पद्धत सुरक्षित ठरते, हा निष्कर्ष त्यामुळे घाईचाच होता.

जून २००४ मध्ये युरोपीय आणि स्थानिक निवडणुका एकत्र आल्या. ईशान्य इंग्लंड आणि ईस्ट मिडलंड्स हे दोनच विभाग संपूर्ण टपाली प्रयोगास योग्य आहेत, असे आयोगाचे मत होते. सरकारने वायव्य इंग्लंड आणि यॉर्कशायर-हंबर यांचीही भर घातली. या प्रयोगाच्या कायद्यावरून संसदेच्या दोन्ही सभागृहांत ओढाताण झाली, तो एप्रिलमध्ये मंजूर झाला आणि छपाईला फार थोडे आठवडे उरले. काही ठिकाणी पाकिटे उशिरा पोहोचली. मतपत्रिकेसोबत ओळखीचे घोषणापत्र होते आणि त्यावर साक्षीदाराची सही हवी होती. म्हणजे एकट्या राहणाऱ्या वृद्धाला केवळ सहीसाठी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागे. चार विभागांत मतदान सुमारे ४२ टक्के झाले, इतरत्र सुमारे ३७. वाढ होती, पण ऑगस्टमधील अहवालात आयोगाने स्वतःचीच आधीची शिफारस मागे घेतली आणि मतदाराला पद्धत निवडता आली पाहिजे, असे म्हटले.

त्याच जूनमधील बर्मिंगहॅमची निवडणूक या प्रयोगाचा भाग नव्हती. तेथे मागणीनुसार टपाली मतदान होते. हा फरक पुढच्या वादात अनेकदा पुसला गेला. एप्रिल २००५ मध्ये निवडणूक न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी टपाली मतांतील व्यापक गैरप्रकारांवरून तेथील दोन प्रभागांच्या निवडणुका रद्द केल्या. तीन महिन्यांच्या मुदतीतला कोणताही अहवाल अशा निकालाची वाट पाहू शकला नसता. २००६ च्या कायद्याने साक्षीदाराऐवजी मतदाराची सही व जन्मतारीख आधीच नोंदवून ती परत आलेल्या कागदाशी ताडण्याची पद्धत आणली. सुरुवातीला बंधन होते ते किमान २० टक्के कागद ताडण्याचे.