पाळीची निकर आणि कापडातले केशाकर्षण

म्हापशाला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीची लेक स्वमग्न आहे. पाळीच्या दिवसांत ती पॅड ओढून काढते आणि कोपऱ्यात टाकते. शेजारणी म्हणतात, हट्टी आहे. प्रत्यक्षात प्लॅस्टिकच्या अस्तराची करकर आणि मांडीला घासणारी कड तिला असह्य होते, कारण स्वमग्नतेत स्पर्शाची व आवाजाची जाणीव अनेकदा फार तीव्र असते. 1994 साली पुण्यात बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये काढण्यात आली, तेव्हाही पाळीतील स्वच्छतेचेच कारण पुढे केले गेले होते.

पाळीच्या निकरमध्ये शोषणारा थर कापडातच शिवलेला असल्याने ओढून काढण्याजोगे वेगळे काही उरत नाही. दोन्ही बाजूंना वेल्क्रो किंवा प्रेसची बटणे असली, तर व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीला उभे न करताही ती बदलता येते.

एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलीटर रक्त जाते, म्हणजे ते साठवणे अवघड नाही; ते वेळेवर आत ओढून घेणे अवघड आहे. समईची वात तेल वर खेचते ते केशाकर्षणाने. दोन तंतूंमधली पोकळी निम्मी केली, की ही ओढ दुप्पट होते. म्हणून अंगालगतचा थर विरळ आणि त्याखालचा दाट ठेवतात, जेणेकरून रक्त रुंद पोकळीतून अरुंद पोकळीकडे जाते आणि सहसा मागे फिरत नाही. मात्र ओढ पोकळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढते, तर श्यानतेचा, म्हणजे द्रवाच्या घट्टपणाचा अडथळा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात; पोकळी अरुंद होत जाते तसा अडथळा ओढीपेक्षा वेगाने वाढतो. त्यामुळे नुसताच दाट थर दिला, तर पाण्याहून घट्ट असलेले रक्त मुरण्याआधीच पृष्ठभागावर पसरते. सर्वांत खाली पॉलियुरेथेनचा पापुद्रा लावलेले कापड गळती अडवते. दिवसभर बसून असणाऱ्या मुलीच्या वजनाने भिजलेला थर पिळला जातो, म्हणून तिच्यासाठी तो मागच्या बाजूला लांबवर न्यावा लागतो.

‘बांबूचे कापड जंतुनाशक’ ही जाहिरात मनावर घेऊ नये. ते बहुधा व्हिस्कोस, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा असतो; त्यात बांबूचे मूळ गुण उरत नाहीत. निकर थंड पाण्यात धुवावी, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिने गोठून डाग पक्का बसतो. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, कारण त्याचा लेप तंतूंवर बसून शोषण घटते. आपल्याकडच्या पावसात जाड थर आधीच लवकर वाळत नाही, आणि विटाळाच्या नावाखाली तो न्हाणीघरातल्या अंधारात टाकला, तर बुरशीचीच सोय होते.

मावसबहिणीने लेबल कापून टाकले आणि पाळी नसतानाच निकर घालण्याची सवय लावली. आता लेक ती ओढून काढत नाही. वेल्क्रो मात्र तिने दिवसभर उघडझाप करून सैल केला, कारण त्याचा आवाज तिला फार आवडला. तेव्हा त्याजागी बटणे लावून घेतली.