मुलाखतीच्या फेऱ्या किती हव्यात?

गूगलमध्ये एकेकाळी एकाच उमेदवाराच्या डझनभराहून अधिक मुलाखती होत. कंपनीने पुढे आपल्याच जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की नेमावं की नाही, हे चार मुलाखतींच्या गुणांवरून ८६ टक्के खात्रीने सांगता येतं. पाचवीपासून पुढची प्रत्येक मुलाखत त्यात जेमतेम टक्काभर भर घालत होती.

यामागचं सूत्र स्पिअरमन आणि ब्राऊन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९१० मध्येच स्वतंत्रपणे मांडलं होतं. एका परीक्षकाच्या गुणांची विश्वासार्हता (० म्हणजे निव्वळ योगायोग, १ म्हणजे पूर्ण भरवशाचे गुण) ०.५० धरली, तर दोघांच्या सरासरीची ०.६७ होते, तिघांची ०.७५ आणि चौघांची ०.८०. आठ जण बसवले तरी आकडा ०.८९ च्या पुढे सरकत नाही. यात एक अट आहे: प्रत्येकाचं मत स्वतंत्र हवं. पहिल्या परीक्षकाने ग्रुपवर ‘मुलगा भारी आहे’ असं टाकलं, की पुढच्या तिघांच्या गुणांना फारसा अर्थ उरत नाही. म्हणून सगळ्यांचे गुण जमा होईपर्यंत चर्चा करायची नाही.

खरं नुकसान होतं ते प्रत्येक फेरी चाळणीसारखी वापरल्याने. लायक उमेदवार एक फेरी पार करण्याची शक्यता ८० टक्के धरा, आणि एका फेरीचा दुसरीवर परिणाम होत नाही असं माना. मग चार फेऱ्यांनंतर शंभरातले ४१ लायक उरतात, सहा फेऱ्यांनंतर फक्त २६. शिवाय ज्यांच्या हातात दुसरी ऑफर आहे, ते मधेच निघून जातात. बहुधा तेच आपल्याला हवे असतात. म्हणून प्राथमिक छाननी सोडली, तर बाकी फेऱ्यांच्या गुणांची बेरीज करून एकदाच निर्णय घ्यावा.

फेऱ्यांच्या संख्येपेक्षा प्रश्नांची बांधणी जास्त महत्त्वाची आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित फेरहिशेब मांडला. सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेली गुणपद्धत असलेल्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे तंतोतंत जुळणी) ०.४२ निघाला, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.१९. तयारी सोडली, तर प्रत्यक्ष मुलाखतीला दोन्हींत साधारण तेवढाच वेळ लागतो!

ठरलेली गुणपद्धत म्हणजे काय? सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जागेसाठी प्रश्न घ्या: ‘रिलीजच्या आदल्या संध्याकाळी गंभीर बग सापडला आणि मॅनेजर म्हणाला, जाऊ दे. तुम्ही काय कराल?’ ‘सांगतील तसं करेन’ याला १ गुण. ‘लेखी कळवेन’ याला ३. बग पुन्हा घडवून दाखवणं, किती ग्राहकांना फटका बसेल ते सांगणं आणि तात्पुरता पर्याय सुचवणं, हे तिन्ही आलं तर ५. हा तक्ता मुलाखतीआधीच छापून परीक्षकाच्या हातात हवा.

बहुतेक जागांसाठी एवढं पुरतं: फोनवर ३० मिनिटांची छाननी, प्रत्यक्ष कामाचा ६० ते ९० मिनिटांचा नमुना आणि ४५ मिनिटांच्या दोन मुलाखती, दोन वेगवेगळ्या परीक्षकांनी वेगवेगळी कौशल्यं तपासायला घेतलेल्या. ‘साहेबांनाही एकदा भेटवू’ ही फेरी सहसा नवं काहीच मोजत नाही. साहेबांना यातल्याच एका मुलाखतीला बसवावं. पाचवी फेरी मागणाऱ्याने तिथे काय मोजायचं आहे ते आधी लिहून द्यावं, आणि तेही उमेदवाराला बोलावण्यापूर्वी.