कामठी

नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. नागपूरच्या ईशान्येस सुमारे १६ किमी, कन्हान नदीच्या उजव्या तीरावर. नागपूर पसरत पसरत कामठीच्या वेशीला येऊन भिडले असले तरी कामठीकर आजही ‘नागपूरला जाऊन येतो’ असेच म्हणतो. त्याचे बरोबर आहे, कारण हे गाव नागपूरच्या वाढीतून निघालेले नाही. त्याचा जन्म वेगळा आहे.

१८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. नागपूरच्या दरबारावर वचक राहावा म्हणून इंग्रजांना फौज हाताशी हवी होती, पण शहरात नको होती. १८२१ मध्ये कन्हानकाठी छावणी पडली. ‘कॅम्प टी’चे कामठी झाले, ही गोष्ट गावात लहानथोरांना पाठ आहे, इंग्रजी वर्तनीत मध्येच येणारा ‘प’ ते पुरावा म्हणून दाखवतात.

फौज मद्रासेची होती. तिच्या मागून तमिळ आणि तेलुगू बोलणारी माणसे आली, धान्य-कापडाचे मारवाडी व्यापारी आले, आणि १८५७ नंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर आले. छावणीला लागून बाजार उभा राहिला आणि बाजाराचे गाव झाले. वस्त्यांची नावे अजून तो काळ सांगतात. खलाशी लाइन : खलाशी म्हणजे फौजेचे तंबू ठोकणारे. मोदी पडाव : मोदी म्हणजे फौजेला धान्य पुरवणारे. फुटाणा ओळीचा अर्थ सांगायलाच नको. एका धंद्याच्या गल्लीला ‘ओळी’ म्हणण्याची ही नागपूरकडची रीत आहे, आणि ‘रोड’-‘कॉलनी’च्या दिवसांतही कामठीने ती सोडली नाही, याचे कौतुक वाटते.

एकेकाळी या भागातला मोठा व्यापार कामठीतून चाले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि व्यापारी तिकडे सरकू लागले. कामठीलाही पुढे लोहमार्ग मिळाला, आज ते हावडा मार्गावरचे स्थानक आहे. पण गेलेली पेढी परत आली नाही. १८८१ च्या जनगणनेत छावणीसह ५० हजारांवर असलेली वस्ती १९०१ मध्ये ४० हजारांच्या खाली आली. गावाला ही ओहोटी लागली नसती तर जुन्या ओळी कधीच पाडून मोठ्या केल्या गेल्या असत्या. आजची बैठी घरे, लाकडी खांब आणि समोरासमोरचे ओटे त्या मंदीनेच राखले.

आजही गावाचे दोन भाग लगेच कळतात. छावणीत चिंच-कडुलिंबाची जुनी झाडे, चुन्याने रंगवलेले बुंधे आणि शिस्तीची शांतता. येथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आणि राष्ट्रीय छात्रसेनेची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. कारभारही निराळा : छावणीला कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड), गावाला नगर परिषद. रस्ता ओलांडून बाजारात शिरले की तर्री-पोह्याची गाडी, सायकलवरचे दुधाचे कॅन, गाडी गाठायला धावणारे नोकरदार. तेलुगू घरातला मुलगा दुकानात नागपुरी हिंदी बोलतो, शेजारणीशी मराठी, आणि मोमीन मित्राशी त्याच्या उर्दूत. संध्याकाळी हीच पोरे रब्बानी मैदानावर असतात. कामठी फुटबॉलचे गाव आहे. नागपूरच्या स्पर्धांत रब्बानी क्लबचे नाव आदराने घेतात.

विणकरांच्या वस्तीत पूर्वी खड्ड्याचे माग घरोघर होते. विणकर जमिनीत पाय सोडून बसे, पायाखाली पावड्या, हातात दोरी, आणि आडवे सूत नेणारा धोटा कापडाच्या या काठावरून त्या काठाला धावे. यंत्रमागांनी हातमाग मागे सारले. ज्यांनी हातमागाचा आवाज ऐकला त्यांना त्या ‘खट-खट’ची उणीव भासतेच.

दुसरा घरगुती धंदा विडीचा. भिजवलेले तेंदूपान पत्र्याच्या फर्म्यावर कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, टोक नखाने दुमडून दोऱ्याने बांधायचे. दिवसभर मान खाली आणि मजुरी तुटपुंजी. या कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) कामठीचेच. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते १९३७ मध्ये विधिमंडळावर निवडून गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन त्यांनी रूढ केले. मुसलमान शेजारी एकमेकांना ‘सलाम आलेकुम’ म्हणतात आणि समोरून ‘वालेकुम सलाम’ येते, हे पाहून आपल्या माणसांनाही असे काही हवे असे त्यांना वाटले, असे सांगतात. कामठीच्या गल्लीत उभे राहिले की ही गोष्ट पटते : इथे दुसऱ्याचा नमस्कार रोज कानावर पडतो. पस्तिशीतच ते गेले. कन्हानकाठी त्यांचे स्मारक आहे आणि १२ जानेवारीला, त्यांच्या स्मृतिदिनी, तेथे लोक जमतात.

१९९९ मध्ये जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने येथे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार उभे राहिले. आतली चंदनाची बुद्धमूर्ती पाहण्यासारखी आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आलेली माणसे दर्शनाला कामठीकडे वळतात. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, पांढरी लुगडी. त्या दिवशी नागपूर-कामठी रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरलेला असतो.

भूविज्ञानातही हे नाव आहे : गोंडवन या प्राचीन खडकांच्या ‘कामठी’ थराचे नामकरण या परिसरावरून झाले. जवळच्या सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते गोळा केले. आता नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा कामठीवरून कन्हानपर्यंत नेण्याचे ठरले आहे.