बेळगाव सीमाभागातील बाललसीकरण

जन्मापासून १६ वर्षांपर्यंत ठरावीक वयात ठरावीक लसी देऊन मुलांना संसर्गजन्य रोगांपासून संरक्षण देण्याच्या सार्वजनिक व्यवस्थेला बाललसीकरण म्हणतात. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या मराठीभाषक वस्तीच्या तालुक्यांत ही व्यवस्था राज्याचा आरोग्य विभाग चालवतो. मात्र तिचे वेळापत्रक केंद्र शासनाने देशभरासाठी आखलेले असल्यामुळे चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल या पलीकडच्या, महाराष्ट्रातील तालुक्यांतही मूळ डोस आणि त्यांची वये तीच असतात. ज्या भागात सोयरीक, रोजगार आणि बाजार राज्याच्या सीमेपाशी थांबत नाहीत, तेथे या समानतेचे महत्त्व मोठे आहे.

लसीशी बेळगावचा संबंध जुना आहे. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो हे मैदान आज सभा-मेळाव्यांसाठी ओळखले जात असले, तरी ते नाव तेथे ब्रिटिश काळात उभ्या राहिलेल्या लसनिर्मिती संस्थेवरून आले आहे. मुंबई इलाख्यासाठी देवीची लस येथे तयार होत असे. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. १९७८ मध्ये देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ पासून त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे रूप मिळाले आणि १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहिमेची त्यात भर पडली. पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला व २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

प्रचलित वेळापत्रकानुसार जन्मताच बीसीजी ही क्षयरोगाविरुद्धची लस, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत कावीळ ब ची लस दिली जाते. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांचे टप्पे येतात. गावात त्यांना दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस म्हणतात. या टप्प्यांवर पोलिओचे व जुलाब घडवणाऱ्या रोटाव्हायरसविरुद्धचे थेंब आणि पेंटाव्हॅलंट लस मिळते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर या सर्वांविरुद्ध पेंटाव्हॅलंट काम करते. पोलिओचे इंजेक्शन आणि न्यूमोकोकल लस पहिल्या व तिसऱ्या टप्प्यावर आणि पुन्हा नवव्या महिन्यात दिली जाते. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात देण्यामागे कारण आहे: आईकडून मिळालेली प्रतिपिंडे तोपर्यंत बाळाच्या रक्तात असतात आणि त्याआधी दिलेली लस नीट रुजत नाही. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात) व पोलिओच्या वर्धक डोसांसोबत येतो. पुढे ५-६ वर्षांना त्रिगुणीचा दुसरा वर्धक डोस, १० व १६ वर्षांना टीडी (धनुर्वात व घटसर्पाची लस) दिली जाते. जपानी मेंदूज्वराची लस केवळ त्या रोगाचा धोका असलेल्या जिल्ह्यांत मिळते.

बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर न पडण्याची रीत सीमाभागात अजून पाळली जाते. ती दीड महिन्याच्या डोसाच्या आड येत नाही, कारण तोवर सव्वा महिना उलटलेला असतो. अडचण येते ती पुढच्या डोसांना. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे निपाणीची सून कागलला किंवा खानापूरची चंदगडला बाळंत होते, बाळाच्या पहिल्या लसी महाराष्ट्रातील केंद्रावर टोचल्या जातात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आई सासरी परतते. तिच्याजवळचे कार्ड मराठीत असते, इकडचे तायी कार्ड (माता-बालकाचे नोंदपत्र) कन्नडमध्ये. कार्ड माहेरीच राहिले असेल, तर आधी कोणते डोस झाले हे सासरच्या आशाताईंना कळायला मार्ग उरत नाही. अशा वेळी अनेक कुटुंबे एक तर सगळे पुन्हा सुरू करावे लागेल या भीतीने केंद्रावर जाण्याचे टाळतात किंवा दोन महिने चुकले म्हणजे आता उपयोग नाही असे धरून चालतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कोणत्याही राज्यात मिळालेला डोस मोजला जातो, खंड पडला तरी मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही आणि राहिलेले डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करता येतात. वयाच्या मर्यादा मात्र आहेत: बीसीजी पहिल्या वर्षापर्यंत, तर गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते. यू-विन या देशव्यापी डिजिटल नोंदीमुळे ही अडचण कमी होऊ शकते. तरीही माहेरून निघताना बाळाच्या कपड्यांसोबत कार्ड बांधून देणे हाच आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

याहून बिकट प्रश्न ऊसतोड मजुरांच्या मुलांचा आहे. गळीत हंगामात चिक्कोडी, अथणी, रायबाग भागातील कारखान्यांच्या परिसरात मजुरांच्या टोळ्या उतरतात आणि त्यांची मुले ना मूळ गावाच्या यादीत सापडतात ना येथल्या. विटभट्ट्यांवरही तीच स्थिती असते. फडावरच्या पालापर्यंत लस नेणे हे अंगणवाडीत येणाऱ्या मुलाला टोचण्याहून कितीतरी कष्टाचे काम आहे आणि ते करणाऱ्या परिचारिका व आशा कार्यकर्त्यांची दखल फारच थोडी घेतली जाते.

लोकजागृतीचा मुख्य भर भीती दूर करण्यावर असतो. गोवराला देवीचा कोप मानून घरातच ठेवण्याची समजूत मागे पडत चालली आहे. तिची जागा मोबाइलवरून पसरणाऱ्या अफवांनी घेतली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम झाली, तेव्हा अशा संदेशांमुळे काही पालकांनी नकार दिला. महाराष्ट्रात हीच मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. सीमेवरच्या कुटुंबांत एकाच आजीच्या नातवंडांना ही लस पावणेदोन वर्षांच्या अंतराने मिळाली, आणि ‘तिकडे देत नाहीत, मग इकडेच का?’ हा प्रश्न त्यातून उभा राहणे स्वाभाविक होते. मराठीभाषक पालकांना उत्तर मराठीतूनच मिळायला हवे. कन्नड पत्रकाने ते काम होत नाही.

भीतीला खरा आधार असतो तेव्हा तो लपवूनही चालत नाही. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लस दिल्यानंतर तीन अर्भके दगावली आणि प्राथमिक चौकशीत लस हाताळण्यातील गंभीर हलगर्जी पुढे आली. ही लस भुकटीच्या स्वरूपात येते. द्रावणात मिसळल्यानंतर ती थंड ठेवून चार तासांच्या आत वापरावी लागते आणि उरलेली फेकून द्यावी लागते, कारण तिच्यात शिरलेले जंतू वाढून त्यांचे विष बाळाच्या रक्तात भिनू शकते. बीसीजीलाही हाच नियम लागू आहे. एरवी लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. पेंटाव्हॅलंट गोठली तर निकामी होते, म्हणून केवळ भरपूर बर्फ असणे पुरेसे नाही. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास केंद्रावर थांबवणे, हलका ताप किंवा बीसीजी टोचलेल्या जागी येणारी पुळी अपेक्षित आहे हे आधीच सांगणे, आणि कुपी केव्हा उघडली हे आईने विचारले तर तिला त्यावर लिहिलेली वेळ दाखवणे, ही कामे लसीकरण सत्राचाच भाग आहेत.